सराटा : ओळखायचा कसा, वेचायचा कसा, काढा कसा करायचा आणि कुठे थांबायचं

मार्च सरला की आमच्या बालाघाटाच्या माळावरच्या गावांत घरोघर एकच तक्रार ऐकू येते, ‘उन्हाळी लागलीय.’ लघवीला जळजळ, थेंबथेंब होणं, ओटीपोटात कळ. लहानपणी असं झालं की आज्जी आधी तांब्याभर पाणी पाजायची आणि मग म्हणायची, ‘बांधावरनं मूठभर सराटं आण जा.’ अनवाणी पायांनी सराटे आणायला जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या टाचेत तो काटा मोडलाय त्यालाच ठाऊक.

हाच सराटा आयुर्वेदातला गोक्षुर. आपल्याकडच्या दुकानांत तो लहान गोखरू म्हणून मिळतो. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू ही लघुपंचमुळं, म्हणजे दशमुळांतला अर्धा भाग. मूत्रविकारांवरच्या औषधांत जुन्या संहितांनी त्याला मानाची जागा दिलेली आहे. आमच्या शेतात मात्र तो तण म्हणून उपटून बांधावर फेकला जातो.

मी गेली अनेक वर्षं घरापुरता सराटा वेचतो, वाळवतो, वापरतो. त्याने आराम पडलेला पाहिलाय आणि त्याच्यावर नको तेवढा भरवसा ठेवल्याने झालेलं नुकसानही घरातच पाहिलंय. म्हणून करायचं कसं हे सांगताना कुठे थांबायचं हेही तेवढंच सविस्तर सांगणार आहे.

आधी ओळख, कारण गोखरू नावाचा मोठा घोळ आहे

सराटा जमिनीला चिकटून पसरतो. मधोमध एक मूळ आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंनी निघालेल्या फांद्या, हातभर, कधी दोन हात लांब. फांद्या तांबूस, लवदार. पानं चिंचेच्या पाल्यासारखी, एका देठावर चार ते आठ जोड्या. नीट पाहिलं तर समोरासमोरच्या दोन पानांतलं एक मोठं आणि एक लहान दिसतं. ही खूण लक्षात ठेवा. पानाची खालची बाजू पांढुरक्या लवेमुळे चंदेरी वाटते. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, करंगळीच्या नखाएवढं. सकाळी उमलतं आणि दुपार उलटेपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून फूल पाहायचं तर सकाळीच जायला हवं.

फळ म्हणजेच सराटा. हिरवं असताना ते पाच फोडींचं, गोल, बोराच्या बीएवढं असतं. वाळलं की फोडी सुट्या होतात. एक फोड तळहातावर घेऊन पाहा. दोन मोठे काटे वर रोखलेले, दोन बारके खाली, आणि मधे टणक कवच. पोळ्याला शिंगं रंगवलेल्या बैलाचं तोंडच जणू. कशीही टाकली तरी एक काटा वर राहतोच. तो चपलेच्या रबरात आणि सायकलच्या टायरमध्ये इतका सहज का घुसतो, ते इथे कळतं.

आता घोळाकडे येतो. शंकेश्वर नावाचं एक उभं वाढणारं तण आहे. ओढ्याकाठी, उकिरड्याजवळ, कपाशी-सोयाबीनमध्ये ते कमरेएवढं, छातीएवढं होतं. त्याची पानं रुंद आणि खरखरीत. फळं लांबट, अंगभर बारीक आकड्यांची, धोतराला, लुगड्याला आणि मेंढ्यांच्या लोकरीला चिकटणारी. बऱ्याच गावांत त्यालाही गोखरूच म्हणतात. हे झाड विषारी आहे. त्याचं बी आणि नुकतं उगवलेलं रोप यकृतावर घाला घालतं. २००७ साली बांगलादेशातल्या सिल्हेट भागात अन्नटंचाईच्या दिवसांत लोकांनी त्याची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले आणि त्यातले १९ दगावले. म्हणून कुणी नुसतं ‘गोखरू घे’ म्हणालं, तर कोणता गोखरू, हे विचारल्याशिवाय हात लावू नका. जमिनीवर पसरणारा, चिंचेसारख्या पानांचा तोच आपला. उभं झाड, रुंद पान आणि आकड्यांचं फळ दिसलं की ते आपलं नव्हे.

दुकानात मोठे गोखरू नावाचंही एक फळ मिळतं. ते तिसरंच झाड. त्याचं फळ चौकोनी, निमुळतं, तळाशी चार काटे असलेलं. ते विषारी नाही, तेही मूत्रविकारांवरच वापरतात. त्याच्या ताज्या फांदीची गंमत अशी की ती पाण्यात घोळवली तर पाणी क्षणात अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं आणि फांदी काढली तरी तसंच राहतं. पण या लेखातली मापं लहान गोखरूची, म्हणजे सराट्याची आहेत.

वेचणी

सराटा मृगाच्या पावसावर उगवतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो आणि दसऱ्यापासून पुढे त्याची फळं पिकू लागतात. मी दिवाळीनंतरचे दिवस धरतो. फळ पूर्ण वाढलेलं, हिरवट पिवळं झालेलं, पण अजून फांदीला धरून असलेलं हवं. करकरीत वाळून जमिनीवर पडलेले सराटे मातीने आणि किडीने खराब झालेले असतात.

जागा निवडताना मी फार कडक असतो. ज्या शेतात त्या हंगामात तणनाशक फवारलं, तिथला किंवा तिथल्या बांधावरचा सराटा घ्यायचा नाही. सोयाबीनच्या पट्ट्यात आता फवारणीशिवायचं रान शोधावं लागतं, म्हणून शेजाऱ्याला विचारून घ्या, त्यात लाज नाही. डांबरी रस्त्याची कड, गटाराची कड आणि गावाबाहेर लोक उघड्यावर बसतात ती जागाही सोडा. सगळ्यात चांगला सराटा मिळतो पडीक माळावर आणि जुन्या गाडीवाटेवर.

हाताने एकेक फळ तोडायला गेलात तर बोटांची चाळण होईल. त्यापेक्षा खुरप्याने मूळ सैल करून अख्खा वेल उचला आणि गोणपाटावर उलटा टाका. जमिनीवर विखुरलेल्या, तरीही स्वच्छ असलेल्या फळांसाठी आज्जीची युक्ती अजून चालते. ओलं गोणपाट त्या जागेवर पसरायचं, वरून जाड तळाच्या चपलेने दाबत चालायचं आणि उचलायचं. सराटे आपोआप गोणपाटाला चिकटून वर येतात. मग पाटीवर झटकून घ्यायचे.

मूळ हवं असेल तर तेही याच वेळी धुऊन, चिरून वाळवा. दशमुळात मूळच लागतं. पण घरगुती वापराला फळ पुरतं, आणि काही वेल बी पडायला तसेच ठेवले तर पुढच्या वर्षी लांब जावं लागत नाही.

काटे काढणं आणि पूड करणं

हे काम धीराचं आहे आणि नेमकी इथेच लोक घाई करतात.

फळं दोन पाण्यांनी धुऊन चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. रात्री घरात घ्या, नाहीतर दव बसून बुरशी धरते. वाळल्याची खूण अशी की मुठीत हलवली तर खडखड वाजतात आणि फोडी सुट्या होतात.

मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता. भाजून काळी करायची नाहीत, फक्त काट्यांची टोकं ठिसूळ व्हायला हवीत. शेंगदाणे भाजताना येतो तसा खमंगपणाकडे झुकणारा वास सुटला की उतरवा. निवल्यावर जाड कापडी पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि लाकडी बडवण्याने हलक्या हाताने बडवा. काटे मोडतात. नंतर सुपात घेऊन अंगणात वाऱ्याला पाखडा. काट्यांचा भुसा उडून जातो, टणक दाणे सुपात राहतात. हे दोनदा करावं लागतं.

काढ्यासाठी हे दाणे खलबत्त्यात जाडसर कुटले की झालं. पोटात घ्यायची पूड करायची असेल तर मात्र मिक्सरमध्ये थोडे थोडे दळा, कारण कवच दगडासारखं असतं आणि एकदम भरलं तर पातं अडतं. नंतर ती पूड सुती कापडातून चाळा. चाळणीतून नाही, कापडातूनच. काट्याचा एक बारीक तुकडा राहिला आणि घशात टोचला तर औषधाच्या जागी दुखणं होऊन बसतं. कापडावर राहिलेला जाड भाग काढ्याला वापरा.

काचेच्या कोरड्या बरणीत भरा, वर महिना आणि वर्ष लिहा. पूड सहा महिन्यांत संपवा, जाडसर भरड वर्षभर चालते. किडीचा भुगा दिसला किंवा कुबट वास आला तर सरळ उकिरड्यावर टाका.

वापराचे चार प्रकार

*उन्हाळीसाठी हिम.* हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. रात्री १० ग्रॅम भरड मातीच्या भांड्यात ग्लासभर पाण्यात भिजत घाला. सोबत चमचाभर धने ठेचून टाका. सकाळी हाताने कुस्करा, कापडातून गाळा, हवी तर थोडी खडीसाखर घाला आणि अनशापोटी प्या. तीन ते पाच दिवस. चव किंचित गोडसर, मातकट लागते. उकळायचं नाही, म्हणून भर उन्हाळ्यात तो अंगाला सोसतो.

*काढा.* १० ग्रॅम भरड, दोन ग्लास पाणी, मंद आचेवर उकळून अर्धा ग्लास उरवायचं. झाकण ठेवू नका. गाळून कोमट असताना प्या, दिवसातून एकदा, सलग सात दिवस. नंतर थांबा. गावात लोक बारीक मूतखड्यासाठी हाच काढा घेतात.

*पूड.* मोठ्या माणसाला ३ ते ६ ग्रॅम ही शास्त्रातली दिवसाची मात्रा आहे. मी ३ ग्रॅमवरच थांबा म्हणेन. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा ३ ग्रॅम पूड तोलून घ्या आणि आपल्या चमच्यात ती कुठवर येते ते बघून ठेवा, अंदाजावर राहू नका. मूतखड्यासाठी ही पूड मधात कालवून वरून मेंढीचं दूध सात दिवस घ्यायचा जुना आयुर्वेदिक पाठ आहे. आमच्याकडे धनगरांच्या वाड्यावरून असं दूध आणणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. गुळवेल, गोखरू आणि आवळा समभाग घेतले की रसायन चूर्ण होतं, ते वैद्याला विचारून घ्यावं.

*दुधातला पाक.* आजारातून उठलेल्या, अशक्त माणसासाठी. चमचाभर भरड, अर्धा कप दूध आणि दोन कप पाणी एकत्र उकळा. पाणी आटून दूध तेवढं उरलं की गाळून द्या. हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात काही घरी गोखरूची पूड घालतात, तीही याच समजुतीने.

चारही प्रकारांना एक गोष्ट समान आहे, पाणी. मूतखड्याचं मोठं कारण म्हणजे लघवी दाट होणं, आणि लघवी दाट होते ती पाणी कमी पिण्याने. आमच्याकडे सगळा दोष बोअरच्या खारट पाण्याला दिला जातो, पण खरा घात होतो तो दिवसभर घसा कोरडा ठेवून उन्हात राबण्याने. ज्या भागाला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या आसपासच्या माणसांना ‘जास्त पाणी प्या’ म्हणणं किती सोपं आणि करणं किती अवघड, हे मी जाणतो. त्यातून बायकांचे हाल वेगळेच. आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया फडात आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत आणि लघवी तुंबवून ठेवतात. जळजळ, ताप, कंबरदुखी अंगावर काढतात. त्यांना सराट्याच्या काढ्याआधी फडावर आडोसा आणि पाण्याचा हंडा हवा. मुकादमाकडे तो हक्काने मागायला हवा.

माप सोपं ठेवा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी उन्हाळ्यात तीन ते चार लिटर पाणी लागतं, उन्हात काम असेल तर आणखी. लघवीचा रंग फिक्या गवताच्या काडीसारखा असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखा असेल तर पाणी कमी पडतंय. सोबत वरचं मीठ, लोणचं आणि खारे पदार्थ कमी करा. दूध-दही मात्र बंद करू नका. जेवणातल्या चुन्याने, म्हणजे कॅल्शियमने, खडा होतो ही समज चुकीची आहे.

कुठे थांबायचं

माझ्या चुलत्यांना पाठीतून जांघेकडे येणारी कळ सुरू झाली. सोनोग्राफीत ११ मिलीमीटरचा खडा मूत्रनळीच्या तोंडाशी दिसला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. तात्यांनी सराट्याचा काढा सुरू केला. मीच सराटे वेचून दिले होते. महिन्याभरात कळ थांबली आणि तात्यांनी गावभर सांगितलं, ‘खडा इरगळला.’ आठ महिन्यांनी दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी झाली तेव्हा खडा तिथेच, तेवढाच होता. मधल्या काळात मूत्रपिंड फुगून पातळ झालं होतं आणि त्याचं काम बरंच घटलं होतं.

कळ का थांबली, हे नंतर कळलं. अडलेलं मूत्रपिंड हळूहळू लघवी कमी बनवू लागतं, आतला ताण उतरतो आणि दुखणं गप्प होतं. खडा गेला म्हणून नव्हे, तर मूत्रपिंड हरत चाललं म्हणून. त्या दिवसापासून मी सराटे मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतो, ‘खडा किती मिलीमीटरचा आणि कुठे आहे?’ उत्तर नसेल तर सराटे देत नाही.

५ मिलीमीटरच्या आतले बहुतेक खडे भरपूर पाण्यावर काही आठवड्यांत आपोआप पडून जातात. तिथे काढा सोबतीला घ्यायला हरकत नाही. पण लघवी गाळून खडा मिळतो का ते पाहा आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी कराच, दुखत नसलं तरीही. १० मिलीमीटरच्या वरचा खडा आपोआप पडणं दुर्मिळ आहे, तिथे काढ्यावर वेळ घालवू नये. प्रयोगशाळेत सराट्याच्या अर्काने खड्याचे स्फटिक वाढायला अटकाव होताना दिसला आहे, पण माणसाच्या पोटातला तयार खडा तो विरघळवतो असा ठोस पुरावा नाही.

पुढचं काही दिसलं तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. थंडी वाजून ताप आणि सोबत पाठीत कळ, लघवी पूर्ण बंद, लघवीतून रक्त, सततच्या उलट्या. खडा अडलेला असताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाने तर साध्या कळेलाही थांबू नये. जळजळ दोन-तीन दिवसांत ओसरली नाही तर लघवी तपासून घ्या. ती जंतूंची लागण असेल तर तिला जंतुनाशक गोळ्याच लागतात.

गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि लहान लेकरांना सराटा देऊ नका. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांनी तर मुळीच घेऊ नये. मूतखड्याचं औषध म्हणजे मूत्रपिंडाचं टॉनिक असं समजून हीच माणसं तो सगळ्यात जास्त घेतात. अशा काढ्यांतून पोटॅशियम जातं आणि कमजोर मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, नाहीतर शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर डॉक्टरांना सांगून मगच विचार करा.

‘झाडपाला आहे, त्याने काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांना मी मेंढ्यांचं उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेत सराट्याच्या रानात पोटभर चरलेल्या मेंढ्यांना एक आजार होतो. यकृत बिघडतं, कावीळ होते, ऊन सोसत नाही, तोंड सुजतं. आपण ग्रॅममध्ये घेतो, मेंढी पाट्या भरून खाते, हा फरक आहेच. पण म्हणूनच मात्रा आणि दिवस मोजायचे. तालमीतल्या पोरांसाठी ताकद आणि पुरुषी संप्रेरक वाढवणारं म्हणून गोखरूचे डबे विकले जातात. निरोगी तरुणांवर झालेल्या चाचण्यांत तसं संप्रेरक वाढल्याचं दिसलेलं नाही. त्या पैशांचे हरभरे आणि दूध घ्या.

आणि भाजी

आषाढ-श्रावणात, काटे धरायच्या आधी, सराट्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. शेंडे खुडतानाही तीच खूण, जमिनीलगत पसरलेला वेल आणि चिंचेसारखी जोडपानं. दोन लांबट जाडसर दळांचं, उभं वर येणारं रोप शंकेश्वराचं असू शकतं, ते टोपलीत येता कामा नये. शेंडे तीन पाण्यांनी धुऊन बारीक चिरा. तेलात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परता, भिजवलेली मुगाची डाळ घाला, वाफ आली की भाजी आणि मीठ टाका. उतरवताना शेंगदाण्याचा कूट. चव थोडी चिकट, माठाच्या भाजीकडे झुकणारी लागते, आणि ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर तीच चांगली वाटते. हिवाळ्यात त्याच ताटात हुलग्याचं माडगं असतं. आमचे तात्या आता काढा घेत नाहीत. पण पावसाळ्यात ही भाजी दोनदा तरी डॉक्टरांना विचारून, मोजून वाटीभर खातात, आणि शेजारी दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली ठेवतात.